भिंत कापणारा हात

शाझलीला मुकादम म्हणताना माझी जीभ वळत नाही. बाप मुकादम, आजा मुकादम, म्हणून हाही मुकादम! उद्या त्यांच्या गोठ्यातलं गाढव पगडी बांधून उभं राहिलं, तर आम्ही कुफ्तवाले त्यालाही सलाम ठोकू.

आमच्या कुफ्त गावाचा उकरणं हा पिढीजात धंदा. फारोचं देऊळ शोधायला कुणीही येवो, करणी धरायला आमचाच माणूस लागतो. कारण कच्च्या विटेची भिंत आणि तिच्यावर ढासळलेला चिखल, दोन्हींचा रंग एकच. वीट करणीला जरा अडते, चिखल सुटत जातो, हे हातालाच कळावं लागतं. आणि ज्या हातानं एकदा भिंत कापली, त्याला पुन्हा कुणी कामावर घेत नाही.

शाझलीचा हात चहाच्या पेल्यापलीकडे कधी गेला नाही. दिवसभर छत्रीखाली बसून आमच्यावर खेकसायचा, "हळू रे! बापाचं शेत नांगरतोयस काय?" खोदकाम चालवणाऱ्या परदेशी बाईंनी त्याला कौतुकानं चकचकीत करणी दिली होती. पठ्ठ्यानं दुसऱ्याच दिवशी ती दगडावर पाडून धारेला खाच पाडली, आणि तीच कमरेला खोचून मिरवायचा.

त्या हंगामात बाईंना एकच ध्यास होता. देऊळ शेतांच्या कडेला, राजाची कबर डोंगराखाली. मधल्या वाळूतून एकच भिंत दोन्हींना जोडत होती का? ती भिंत माझ्या दाजींना, हिफनींना सापडली. दोन महिने ते वीट वीट मोकळी करत कबरीच्या दिशेनं सरकत होते.

एका दुपारी आम्ही खड्ड्यातले पाच जण भाकरी आणि फूल, म्हणजे आमची वालाची उसळ, खायला वर गेलो. कैरोहून बडी मंडळी येणार होती. शाझलीला त्यांच्यासमोर मिरवायचं होतं, म्हणून मेला एकटाच खड्ड्यात उतरला असणार. आम्ही परतलो तर चार हात भिंत गायब! चिखल समजून उपटून टाकलेली. नेमकी कबरीकडे वळणारी.

शाझली मात्र छत्रीखाली. बाई आल्या तसा उठून ओरडला, "हिफनी, काय केलंस हे? तुझी अक्कल चरायला गेली होती काय?"

"काका, मी जेवायला गेलो होतो," दाजी म्हणाले.

"म्हणजे जेवायच्या आधीच कापलीस!"

दाजी खाली वाकले. कापलेल्या कडेवर करणीचे ओरखडे ताजे होते आणि प्रत्येक ओरखड्याच्या मधोमध एक बारीक कणा उभा होता. खाचेचा! आम्हा पाचही जणांना तो दिसला. आमच्यापैकी कुणाच्या करणीला खाच नव्हती. बाई वरून विचारत होत्या, "कुणी केलं?" दाजींनी माझ्याकडे पाहिलं. स्वतः बोलले असते तर चोराच्या उलट्या बोंबा ठरल्या असत्या. मी बोलायला हवं होतं.

तेवढ्यात शाझली हसत म्हणाला, "बदावी, बघत काय बसलास? फोटो काढायचाय. कड साफ कर."

फोटोआधी कड साफ करायची, हा आमच्या कामाचा नियमच आहे. आणि पुढच्या हंगामाची नावं शाझली ठरवतो, हाही. मी ब्रश उचलला.

"बदावी," दाजी एवढंच म्हणाले.

मी वरून खाली चारदा ब्रश फिरवला. कड आरशासारखी झाली. बाईंनी फोटो काढला.

दाजी आता कुफ्तच्या बाजारात कांदे विकतात. ताई मला दारात उभं करत नाही. शाझली अजून छत्रीखाली बसतो, हलकट, बिनकामाचा, थू त्याच्यावर! त्याच्या हातून साधा ओरखडाही पुसला गेला नसता. त्यासाठी कुफ्तचा कसबी हात लागतो. या हंगामात दाजींच्या जागी मीच आहे.