काटाबाई आणि शेवटची जागा

काटाबाई हे नाव मीच ठेवलं. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते सगळ्यांच्या तोंडी बसलं आणि त्याचंही श्रेय मला कुणी दिलं नाही.

आमच्या शाळेच्या कचेरीत त्या कारकून. मी गणिताचा शिक्षक आणि वर प्रवेश-मार्गदर्शक. शेवटच्या वर्षाच्या मुलांना राज्यातल्या चार सरकारी विद्यापीठांपैकी कुठे जागा मिळेल, हे सांगणं माझं काम. त्यासाठी मी दोन सुट्ट्या प्रशिक्षणात घालवल्या आहेत. प्रमाणपत्रं भिंतीवर आहेत, दारावर पाटी आहे, खोलीत पालकांसाठी गादीच्या खुर्च्या आहेत. बाईंचं काम काय, तर भरलेले अर्ज तपासायचे, शिक्का मारायचा आणि पाठवून द्यायचे. पण एके दिवशी बघतो तर माझ्या खोलीतून बाहेर पडलेला एक बाप थेट कचेरीच्या खिडकीशी जाऊन उभा.

"बाई, सर असं असं म्हणाले. तुम्हाला काय वाटतं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिक्षकांच्या खोलीत जाऊन मी म्हणालो, "कचेरीत वजनकाटा बसवलाय वाटतं! पोरगं उभं करा, किती किलोचं ते बाई सांगतात." सगळे हसले. आठवड्याभरात मुलं त्यांना काटाबाई म्हणायला लागली, महिन्याभरात पालक. पण तोवर त्यातली थट्टा पार गळून गेली होती. "काटाबाईंनी सांगितलंय ना? मग झालं," असं लोक म्हणत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाई दिसायला अगदीच साध्या. उंचीने बेताच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पानं उलटायला उजव्या अंगठ्यावर रबरी टोपी. ती टोपी त्या डबा खातानाही काढत नसत. यजमान बसचालक. शिक्षण शाळेपुरतंच. टंकलेखनाची परीक्षा देऊन हंगामी म्हणून लागल्या आणि अठरा वर्षं तिथेच, त्याच खिडकीशी. आवाज इतका हळू की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. मला तर वाटे, मुद्दामच हळू बोलतात. लोकांना वाकवायची हौस!

त्यांच्याकडे एक जाड, कापडी बांधणीची वही होती. माझ्याकडे विद्यापीठांच्या छापील याद्या, दहा वर्षांच्या, रंगीत खुणा केलेल्या. त्या यादीत पहिल्या फेरीत कोणत्या विभागाचा प्रवेश किती गुणांवर थांबला ते असतं. बाईंच्या वहीत मात्र दुसरंच काहीतरी होतं. दर वर्षी तिसरी फेरी संपली की आमच्या शाळेतून गेलेल्या प्रत्येक मुलाला त्या फोन करत. "पोचलास का? खोली मिळाली का? जेवतोस ना नीट?" एवढं झालं की विचारत, "तुझ्या वर्गात सगळ्यात शेवटी कोण आलं रे? त्याला गुण किती होते?" तेवढा आकडा वहीत जाई. पहिला कोण आला, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

यातली मेख अशी की शंभरातल्या सत्तर जागा राज्यातल्या मुलांच्या आणि तीस बाहेरच्यांच्या. बाहेरची मुलं अर्ज भरतात, नाव लागतं आणि त्यातली निम्मी येतच नाहीत. त्या जागा तिसऱ्या फेरीत गुपचूप राज्यातल्या मुलांकडे वळतात. छापील यादीत हे कुठेच दिसत नाही. ते दिसायचं बाईंच्या वहीत.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण ते मी शोधून काढलेलं नव्हतं. दुखत होतं ते तिथेच.

एकदा मी खवचटपणे विचारलं, "बाई, हा शेवटच्या माणसाचा नाद तुम्हाला कुठून लागला?"

त्या शिक्क्याची शाई पुसत म्हणाल्या, "मी स्वतः शेवटच्याच्या मागची हो, सर. नदीकाठच्या विद्यापीठात माझं नाव एका जागेने राहिलं. वडील म्हणाले, नशीब. मग दोन वर्षांनी कळलं, त्या वर्षी तिथे दोन बाकं रिकामी होती. कुणी सांगितलंच नाही. आणि आम्ही विचारलं नाही."

एवढं बोलून त्यांनी पुढचा अर्ज ओढला. कुणालाही वाईट वाटावं अशी गोष्ट. मलाही वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्या आधी वाटलं की बघा, हिच्याकडे सांगायला गोष्टसुद्धा आहे! माझ्याकडे काय, तर प्रमाणपत्रं. हेवा ही अशी भिकारडी चीज आहे. दुसऱ्याचं दुःखही सोडत नाही.

जुने विद्यार्थी शाळेत येत तेव्हा मला लांबून हात करत आणि कचेरीच्या खिडकीशी तासभर रेंगाळत. कुणी पहिल्या पगारातून पेन आणी, कुणी बायकोला दाखवायला आणी. यातल्या किती जणांना मी त्रिकोणमिती शिकवली होती! पण पिकतं तिथे विकत नाही.

माझा स्वतःचा एक आकडा होता बरं का. माझ्या खोलीबाहेर फलकावर रंगाने लिहिलेला: पहिली पसंती मिळालेले विद्यार्थी, शंभरात चौऱ्याण्णव. मुख्याध्यापक तो शाळेच्या माहितीपुस्तकात छापत. हा आकडा यायचा कसा, तेही सांगतो, आता लाज कसली. अर्जात चार पसंती वरून खाली लिहायच्या असतात. फेऱ्या तीन. खालच्या पसंतीची जागा मिळाली तर ती धरून ठेवून पुढच्या फेरीत वर सरकता येतं. पण पहिल्याच पसंतीचं मिळालं की विषय संपला, नाव यादीतून निघतं. तेव्हा मी काय करायचो? ज्या मुलाला जे हमखास मिळणार, तेच त्याला पहिलं लिहायला लावायचो. पहिल्या दिवशी निकाल, पहिल्या दिवशी आनंद, आणि माझे शंभरात चौऱ्याण्णव.

बाई एकदाच बोलल्या होत्या. "सर, तुमचा आकडा छान आहे. पण काही मुलं उगाच खाली बसतात हो." मी महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

आणि मग माझ्याच मुलीचं वर्ष आलं.

तिला लहानपणापासून दगडांचं वेड. बाकीच्या मुली बाहुल्या मांडत, ही खिडकीत दगड मांडी, आणि आई पुसायला गेली की ओरडे, "हात नको लावूस, ते वयाप्रमाणे ठेवलेत!" तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. आमच्या जवळच्या विद्यापीठात तो विषय नावापुरता, दोन खोल्या आणि एक कपाट. मोठ्या विद्यापीठात मात्र त्याचा स्वतंत्र विभाग, प्रयोगशाळा, दर वर्षी डोंगरात महिनाभर मुक्काम. पोरगी त्या विभागाचं माहितीपत्रक उशाशी घेऊन झोपायची.

प्रवेश परीक्षेत तिला तीनशेपैकी दोनशे बारा मिळाले. मी छापील याद्या पसरल्या. मोठं विद्यापीठ, भूगर्भशास्त्र, पहिली फेरी: पाच वर्षं दोनशे बावीसच्या खाली उतरलं नव्हतं. जवळचं विद्यापीठ एकशे नव्वदला मिळत होतं. आठ दिवस मी जेवणाच्या टेबलावर तक्ते काढत होतो, पट्टीने रेघा मारत होतो. बायको म्हणाली, "एकदा कचेरीतल्या बाईंना विचारा ना. काय बिघडतं?"

"प्रवेश-मार्गदर्शकाची मुलगी कारकुनाला विचारायला जाणार? उद्या माझी पाटीच काढून त्यांच्या खिडकीला लावा!"

मुलगी तेव्हा समोरच बसली होती.

शेवटी मी जवळचं विद्यापीठ पहिलं लिहिलं आणि मोठं दुसरं. आता तुम्ही म्हणाल, मोठं वर लिहिलं असतं तर काय गेलं असतं? काहीही गेलं नसतं. पहिल्या फेरीत जवळचं मिळालं असतं, ते धरून ठेवता आलं असतं. हा नियम मी दर वर्षी दोनशे पालकांना फळ्यावर समजावतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी मनाशी म्हणत होतो की पोरीला दोन महिने टांगून कशाला ठेवायचं. खरं कारण वेगळं होतं. पहिल्या दिवशी माझ्या मुलीला पहिली पसंती मिळाली, हे मला शिक्षकांच्या खोलीत सांगायचं होतं. आणि मोठं वर लिहून तिसऱ्या फेरीत ते लागलं असतं, तर सगळे म्हणाले असते, बघा, काटाबाईंची वही खरी. माझ्या घरात, माझ्या मुलीच्या रूपाने, त्या बाईचा विजय! ते मला सहन झालं नसतं.

मुलीने अर्ज वाचला. दुसऱ्या ओळीवर तिचं पेन जरा थांबलं. मग तिने सही केली.

अर्ज घेऊन मी कचेरीत गेलो. बाईंनी चष्मा लावला, रबरी टोपीने पान उलटलं आणि पसंतीच्या रकान्यापाशी थांबल्या.

"सर, पहिलं खाली घ्या आणि दुसरं वर. नवा कागद देते. दोन मिनिटांचं काम आहे."

"का?"

"तिसऱ्या फेरीत लागेल. तिथे भूगर्भाला बाहेरची मुलं टिकत नाहीत. मागची चार वर्षं दोनशे दहाच्या आसपास थांबलंय." त्यांनी वहीकडे हात नेला.

"वही राहू दे."

"सर, मुलीला एकदा विचारा तरी."

"माझी मुलगी आहे, बाई. तिचं काय ते मी बघतो. तुम्ही शिक्का मारा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत त्यांचा शिक्का कधी वाकडा पडला नव्हता. त्या दिवशीही सरळच पडला.

पहिल्या फेरीत मुलीला पहिली पसंती मिळाली. मी शिक्षकांच्या खोलीत पेढ्यांचा मोठा डबा फिरवला, कचेरीतही स्वतः घेऊन गेलो. बाईंनी पेढा घेतला, "अभिनंदन," म्हणाल्या. त्यात टोमणा होता का, हे मी दोन दिवस शोधत होतो. नव्हता. त्याचाही राग आला.

दोन महिन्यांनी तिसरी फेरी संपली. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी हजेरीपत्रक द्यायला कचेरीत गेलो, तर बाई फोनवर होत्या. "पोचलास ना? बरं. आणि भूगर्भाला सगळ्यात शेवटी कोण आलं रे?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. बाईंनी लिहिलं. मला पाहिलं मात्र, आणि वही झटकन मिटली. तीच घाई मला खुपली. मी हात पुढे करून वही उघडली.

दोनशे नऊ.

बाई म्हणाल्या, "जाऊ दे, सर. जवळचंही काही वाईट नाही. पोरगी हुशार आहे."

एखादीने सुनावलं असतं. मी असतो तर नक्की सुनावलं असतं, वर शाळाभर सांगत सुटलो असतो. या बाईने साधं 'म्हटलं होतं ना' सुद्धा म्हटलं नाही. मी हजेरीपत्रक त्यांच्या टेबलावर ठेवून निघालो. माझ्या मुलीहून तीन गुण कमी असलेला कुणीतरी आता तिच्या बाकावर बसणार होता, डोंगरात जाणार होता. आणि रस्ताभर मला सारखी आठवत होती ती बाईंची सरळ, गोल अक्षरं.

घरी मुलगी बॅग भरत होती. दुसऱ्या दिवशी तिचं कॉलेज सुरू होणार होतं. मी ठरवलं, सांगून टाकायचं. चूक झाली म्हणायचं. बाप असलो म्हणून काय झालं?

"अगं," मी सुरुवात केली, "मोठ्या विद्यापीठात तुझ्या विषयाला शेवटचा मुलगा..."

"दोनशे दहाच्या जवळपास आला असेल," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"बाईंनी. आज नाही, अर्ज भरायच्या आधीच. तुम्ही तक्ते काढत होतात ना, तेव्हा मी जाऊन विचारून आले होते. त्यांनी वही दाखवली. म्हणाल्या, वर लिही, तुझं होईल."

तिला माहीत होतं. पेन हातात असताना तिला सगळं माहीत होतं, आणि तरी तिने सही केली होती. तिची जागा गेली होती, प्रयोगशाळा गेली होती, डोंगर गेला होता. विचारायला हवं होतं की पोरी, मग बोलली का नाहीस? तेच विचारायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं ते हे:

"म्हणजे मला सोडून तू तिला विचारलंस?"

तिने हातातली वही बॅगेत ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"म्हणूनच बोलले नाही, बाबा," ती म्हणाली.