डॉक्टरणीचा पाट

आमच्या मुलुंडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या डॉक्टरणीइतकी विचित्र बाई मी पंच्याहत्तर वर्षांत पाहिली नाही. हाडांची डॉक्टर. माणसाचं तोंड नंतर बघायची, चाल आधी. जिन्यातल्या पावलांवरून कोण आलं आणि त्याचा कुठला गुडघा गेलाय, हे दार न उघडता सांगायची. तिला बघायला पाहुणे आले, तर मुलाच्या वडिलांनाच तिने दोनदा खोलीभर चालायला लावलं. "काका, कंबरेचा फोटो काढून घ्या," म्हणाली. स्थळ गेलं. काका मात्र पुढे तिच्याकडेच औषध घ्यायला लागले.

उंची जेमतेम पाच फूट. ऑपरेशनचं टेबल थोरल्या डॉक्टरांच्या उंचीला लावलेलं, ते हिच्यासाठी कोण खाली करणार? तिथली स्टुलं डगमगायची, म्हणून माझा सागवानी पाट उचलून नेला. सिस्टर तो प्लास्टिकमध्ये गुंडाळायची आणि ही त्यावर उभी राहून हाडांत खिळे ठोकायची. तरी पेशंट हिलाच विचारायचे, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" युनिटच्या प्रमुखाची जागा तीनदा निघाली, तिन्ही वेळा हिच्याच हाताखाली शिकलेले बाप्ये बसले. बाईच्या हातात जोर कुठला, त्यात कोकणातल्या कॉलेजातली, म्हणे! अशा दिवशी ही माझ्याकडे येऊन नारळ फोडायची. एका घावात. "जोर बघ, आजये!"

मी तरी कुठे शहाणी? माझा गुडघा बदलायची वेळ आली तेव्हा तिच्या तोंडावर म्हटलं, "तुझ्याकडे नको गं. एखादा दांडगा पुरुष बघून दे." ती पहिल्यांदाच हसली नाही. "बघते," म्हणाली आणि पुढ्यातला नारळ तसाच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी नेमकी लिफ्ट बंद. कठडा धरून, शिव्या घालत चौथा मजला गाठला. बेल वाजवायच्या आधीच आतून आवाज, "आजये, तुझा ढोपार करकरता!"

"तूच कर गं बाई," मी म्हटलं. तिनेच केला. झकास झाला.

इथे जागा मिळाली नाही ती नाहीच. यंदा गावाकडच्या नव्या इस्पितळाने तिला प्रमुख करून बोलावलं. जाताना पाट परत आणून दिला. "तिथला टेबल माझ्या उंचीक लावलाहा."

"बरं झालं, माझा पाट सुटला," मी म्हटलं.

नव्या गुडघ्याने मला पाटावर बसता येत नाही. तो भिंतीला टेकून उभा आहे. जिन्यात पावलं वाजली की मीही कान देते. कोणाची ते ओळखता येत नाही. तिची नव्हेत, एवढं कळतं.