कुंभारणीची बेगमी

स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंभारणीनं मातीचं इवलंसं मडकं घडवलंय. ही एकटी राहणारी गांधीलमाशी. आज दुपारी ती स्वतःपेक्षा जड हिरवी अळी पायांत धरून आली, दोनदा धडपडली आणि नांगीनं निपचित केलेली ती अळी मडक्यात कोंबू लागली. आत तिचं अंडं आहे. त्यातून निघणारं बाळ तिला कधीच दिसणार नाही, तरी त्याच्या जेवणाची केवढी काळजी!

मी लेकीच्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी डिंक तळत होते. मला नातवंड मांडीवर घ्यायला मिळणार, या विचारानं डिंकही जरा जास्तच फुलला.

तेवढ्यात आमचे हे चौकट खरवडायला पत्रा घेऊन आले.

"राहू द्या," मी म्हटलं. "घरात बाळंतीण यायची असली की कुंभारणीचं घर मोडत नाहीत."

"आणि हिचा नवरा कुठंय?"

"तो लग्नापुरता येतो. मग घर तिनंच बांधायचं, बाजारही तिनंच आणायचा."

ह्यांनी एकदा मडक्याकडे पाहिलं. मग पत्रा ठेवून त्यांनी अडकित्ता घेतला आणि माझ्याशेजारी खारका फोडायला बसले.