अप्पांची एकशे चाळीस बटणं

स्विचला लाल चिमटा लावला की त्या बोर्डाकडे कुणी फिरकायचं नाही, असा घरात नियमच होता. चिमटा कपडे वाळत घालायचा, पण दरारा हवालदाराचा. तिच्या लॅपटॉपच्या बॅटरीने केव्हाच मान टाकली होती. वायर जराशी हलली तरी पडदा काळा, आणि तास-दीड तासाची मेहनत पाण्यात.

आज सकाळपासून चिमटा दुसऱ्यांदा लागला होता.

टेबलाच्या पलीकडे अप्पा, तिचे वडील, चमच्याने वाटी वाजवत होते. टक. टक टक. आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवलेला माणूस. वर बसून खालच्या पन्नास जणांना एका हाकेत सरळ करायचा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला आणि वाचाही. समजायचं सगळं, शब्द मात्र फुटत नव्हता.

कॉलेजात शिकलेलं प्रोग्रामिंग संसारात गंजत पडलं होतं. ते तिने घासूनपुसून बाहेर काढलं आणि अप्पांसाठी एक ॲप लिहिलं. फोनवर फोटोंची एकशे चाळीस बटणं. फोटो दाबला की फोन ते वाक्य बोलणार. आवाज तिच्या नवऱ्याचा, कारण घरात दुसरा पुरुषी आवाजच नव्हता. अप्पांनी जावयाला मारायचे टोमणेसुद्धा त्या भल्या माणसाने स्वतःच रेकॉर्ड करून दिले होते.

तीन दिवसांपूर्वी तो फोन बादलीत पडला. नवा आणला, तर तो म्हणाला, हे ॲप फार जुनं आहे, इथे चालणार नाही. म्हणजे ॲप नव्याने तयार करायचं, त्याला नवं सॉफ्टवेअर हवं, आणि ते सॉफ्टवेअर तिच्या अकरा वर्षांच्या लॅपटॉपला दारातसुद्धा उभं करेना. नवा लॅपटॉप मागवला होता, पण तो यायला बारा दिवस. नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही घालायला बंदी. बारा दिवस अप्पांनी वाटीच वाजवायची?

शेवटी काल तिने एका फाइलमध्ये शिरून लॅपटॉपचं वय चार वर्षांनी कमी करून टाकलं होतं.

"खोटा दाखला जोडलास?" नवऱ्याने विचारलं.

"लग्नाला थोडाच उभा करायचाय? एवढं एक काम उरकू दे त्याला."

सॉफ्टवेअर त्या दाखल्याला फसलं. काम मात्र उरकेना. ब्याऐंशी टक्क्यांपर्यंत यायचं आणि 'मेमरी अपुरी' म्हणून बसकण मारायचं. तिने लॅपटॉप पालथ्या ताटलीवर ठेवला, खिडक्या उघडल्या, दुसऱ्या बोर्डावरचा टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. एका जागी तिला बसवेना. कपड्यांच्या घड्या तिने मोडून पुन्हा घातल्या. दर दोन मिनिटांनी दारातून डोकावून आकडा बघायची. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. ब्याऐंशी. आणि पुन्हा तेच.

टक टक टक.

"अप्पा, जरा दम धरा हो!"

तिसऱ्या वेळी तिने कात्री चालवली. पाणी, औषध, दुखतंय, बाथरूम, झोप, पंखा... अशी अडीअडचणीची चाळीस बटणं ठेवली आणि बाकीची शंभर फोटोंसकट काढून टाकली. चिमटा लागला, आकडा ब्याऐंशीच्या पुढे सरकला, आणि पाऊण तासात ॲप तयार.

अप्पांनी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"पाणी," फोन म्हणाला. ती धावत पाणी घेऊन आली. अप्पांनी पेल्याकडे बघितलंही नाही. बोट वर गेलं, खाली आलं, परत वर. "औषध." "झोप." "पंखा." "पाणी." मग त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला आणि चमचा उचलला.

"अजून काय हवंय यांना?" नवरा आतून बाहेर येत म्हणाला.

अप्पांचा चमचा त्याच्यावर रोखला गेला. नवऱ्याने शर्ट उलटा घातला होता, शिवण बाहेर, कॉलरचं लेबल मानेवर झळकतंय. चमचा हवेतच राहिला, आणि अप्पांचे डोळे भरून आले.

तिने फोन उचलून ती चाळीस बटणं वरपासून खालपर्यंत पाहिली. एखाद्या नर्सला जे कळायला हवं तेवढं तिने ठेवलं होतं. पस्तीस वर्षं वरून आरडाओरडा केलेल्या माणसाने आता नुसतं पाणी मागून गप्प बसायचं?

ती परत लॅपटॉपसमोर बसली. भराभर फाइली चाळताना एका फोटोवर थांबली आणि तिने कपाळावर हात मारला. नखाएवढ्या बटणावर भिंतीएवढा फोटो! कॅमेऱ्यातून निघाले तसेच तिने आत कोंबले होते. जड होते ते फोटो, आणि काढून टाकलं होतं तिने बोलणं.

शंभरच्या शंभर बटणं परत घातली. सगळे फोटो लहान केले. चौथ्यांदा चिमटा लावला.

ब्याऐंशी. लॅपटॉपचा पंखा किंचाळायला लागला. ब्याऐंशी. अप्पांची वाटी थांबली. नवरा उलट्या शर्टातच मागे येऊन उभा.

त्र्याऐंशी.

फोन पुन्हा हातात आल्यावर अप्पांनी पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ खाली, अगदी खाली गेले आणि बोट टेकवलं.

"जावईबापू, कधीतरी आरशात बघत जा!" जावयाच्याच आवाजात फोन कडाडला.

नवऱ्याने स्वतःकडे बघितलं, जीभ चावली आणि शर्ट काढून सुलटा करू लागला. ती चिमटा काढायला वळली, तोच पाठीमागून नवऱ्याचा आवाज, "एवढा वेळ लागतो का एका कामाला?"

ती फणकाऱ्याने मागे फिरली. नवऱ्याचं डोकं अजून शर्टातच अडकलेलं होतं, आणि अप्पांचं बोट फोनवर.