वीट लावलेली खाट

त्या प्रकरणाला काही वर्षं झाली, मी निवृत्तही झालो, पण ते चार दिवस अजून जसेच्या तसे आठवतात. नावं कुणाचीच देत नाही.

मी मूळचा कोकणातला. आठवीनंतर शाळा सुटली. त्या काळी तेवढ्यावर शिपायाच्या भरतीत घेत. मामा धुळ्यात नोकरीला होते, त्यांच्या आधाराने आलो आणि इथेच राहिलो. पुढे मी सहायक फौजदार असताना एका विद्यापीठाने धुळ्यात पोलीस प्रशासन आणि सुरक्षा या विषयाचा वर्षभराचा अभ्यासक्रम काढला. दर शनिवारी पंचनामा शिकवायला कुणीतरी पाठवा, असं पत्र ठाण्याला आलं. साहेबांनी माझं नाव दिलं. समोर सगळी पदवीधर मुलं-मुली. शुक्रवारी मला जेवण जायचं नाही. पण मुलं मला ‘सर’ म्हणायची, आणि ‘सर’ म्हणवून घेण्याची वेळ माझ्यावर कधी येईल असं मला वाटलं नव्हतं. त्या साहेबांचे उपकार मी अजून मानतो.

पुस्तकातली पद्धत पुस्तकात होतीच. मी माझी सांगायचो. दारात उभं राहा, उजव्या हाताने सुरू करा, फिरत परत दाराशी या. दिसेल ते लिहा, वाटेल ते लिहू नका. सरावासाठी मुलींच्या वसतिगृहाच्या वॉचमनची खोली घेतली होती. वॉचमन शिंदखेड्याकडचे, साठीच्या पुढचे. सगळे त्यांना नाना म्हणत. तीस जणांनी त्या एवढ्याशा खोलीचा पंचनामा लिहिला. नाना बाहेर स्टुलावर बसून म्हणाले, “मना घरमा चोरी ना व्हताच पंचनामा व्हयी गया.” मुलं हसली.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, त्याच वर्गातली एक मुलगी वडिलांना घेऊन ठाण्यात आली. वडील दीपनगरच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार. पोरगी पोलीस भरतीत मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा दोन्ही पास झाली होती. सोमवारी सकाळी दहाला जळगावला कागदपत्रांची पडताळणी. आणि दहावीपासून जातीच्या दाखल्यापर्यंत सगळ्या मूळ प्रती असलेली फाइल वसतिगृहातल्या खोलीतून गेली होती.

“दुसऱ्या प्रती नाही चालणार का साहेब?” वडिलांनी विचारलं.

“मूळच लागतात भाऊ. गैरहजर धरतात, आणि यादीतला पुढचा माणूस घेतात.”

वडील पोरीची पाण्याची बाटली हातात घेऊन तिचं झाकण लावत-काढत राहिले.

ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली, खोली पाहिली, काही हाती लागलं नाही. शनिवारी सकाळी ठाण्याच्या तक्रारपेटीत निनावी चिठ्ठी मिळाली. डाव्या हाताने लिहिल्यासारखं वाकडं अक्षर. मजकूर असा: फाइल वॉचमनकडे आहे. त्याच्या खोलीच्या दारातून उजव्या हाताने गेल्यास खिडकी, नंतर फळी, नंतर पायाखाली वीट लावलेली खाट, त्या खाटेखाली.

इतकी नेमकी माहिती सहसा मिळत नाही. मी तडक गेलो आणि नानांना गाडीत घातलं. फाटकाशी मुली उभ्या होत्या, त्यांच्या देखत.

“नाना, फाइल काढून द्या. विषय इथेच संपेल.”

“माले काय माहीत सायेब? पोरीसना कागद लिसनी मी काय करसू?”

“कुणी करायला सांगितलं का?”

“मी काय बोलू आते? तुम्ही ठरायीच टाकं.”

पंच मिळायला वेळ लागला. तोवर नाना ठाण्यातल्या बाकावर बसून होते. दुपारी पंचांसह त्यांना घेऊन खोलीवर गेलो. सवयीने दारात उभा राहिलो, उजव्या हाताने सुरुवात केली. खिडकी, फळी, आणि पुढे जमिनीवर चटई.

“नाना, खाट कुठे?”

“ती ते दिवाळीलेच पुतन्याले दी टाकी. तवयपाईन खालेच झोपस मी.”

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. नाही ती खाट तिच्यात होती, आणि खोली वाचायची रीत माझी होती. लिहिणारा या खोलीत अलीकडे आलाच नव्हता. त्याने सरावाच्या वेळी पाहिलेली खोली आठवून लिहिली होती. नानांना तिथेच सोडलं.

सरावाच्या वह्या तपासून झाल्या तरी माझ्या घरीच होत्या. तीसही काढल्या. खाट सगळ्यांनी लिहिली होती. पायाखालची वीट एकाच वहीत होती, आणि तिथे समासात माझ्याच लाल शाईने लिहिलं होतं, निरीक्षण उत्तम. वही त्या मुलीच्या खोलीतल्याच मैत्रिणीची. वर्गातली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी.

रविवारी सकाळी दहा वाजता अधीक्षिकाबाईंच्या कार्यालयात, महिला शिपाई बरोबर घेऊन, मी तिला समोर बसवलं. चिठ्ठी आणि वही शेजारी शेजारी ठेवली. आवाज चढवायची गरज नव्हती, आणि खरं सांगायचं तर चढलाही नसता.

“वीट सगळ्यांनाच दिसली असेल सर.”

“दिसली असेल. लिहिली तू एकटीने.”

तिने वही मिटली. मला एकच भीती होती. तेच विचारलं.

“फाडलीस का?”

“नाही सर. माझ्याने फाडवली नाही. एकेका दाखल्याला किती खेटे घालावे लागतात, मीही घातलेत.”

मग सगळं बाहेर आलं. भरतीच्या यादीत ती फाइल गेलेल्या मुलीच्या खालोखाल होती. ती मुलगी गैरहजर राहिली तर जागा हिला. फाइल शहरातच मावशीकडे, गव्हाच्या कोठीत.

“आणि नाना?”

“सोमवारपर्यंत तुम्ही त्यांच्याकडेच बघत राहाल असं वाटलं.”

तिचा अंदाज काही फार चुकला नव्हता.

बारा वाजायच्या आत फाइल मिळाली. कागद मोजले, एकही कमी नव्हता. सोमवारी मुलगी जळगावला रांगेत उभी होती. आज ती नोकरीत आहे. तिने आणि वडिलांनी गुन्हा नोंदवायचा नाही असा लेखी जबाब दिला. वरिष्ठांनी तो मानला. विद्यापीठाने मैत्रिणीचं ते वर्ष रद्द केलं. ती नानांच्या पाया पडायला गेली तेव्हा नाना एवढंच म्हणाले, “बरं बेटा.”

मी मात्र गेलो नव्हतो. नोकरीत माफी मागायची सवय लागत नाही. पुढच्या शनिवारी मी नानांना वर्गात बोलावलं, माझ्या खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की विचारपूस न करता यांना उचलून मी चूक केली. मग त्यांना म्हटलं, ठाण्यात बसवल्यावर माणसाला काय होतं, ते या मुलांना सांगा. ते पुस्तकात नाही आणि मलाही माहीत नाही.

नाना अवघडले. टोपी काढली, परत घातली.

“काय सांगू सायेब. तहान लागेल व्हती. समोर माठ व्हता. पन पानी मांगानं भ्याव वाटे.”

मुलांनी ते वह्यांत उतरवून घेतलं. त्या माठाजवळून दिवसातून दहादा जाणारा मी, मला ते दिसलं नव्हतं. निवृत्तीपर्यंत जेवढी माणसं त्या बाकावर बसवली, त्यांना पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला. त्यातले काही सराईत चोर होते. तेही आधी प्यायले, मग खोटं बोलले.