चष्म्याची उजवी काच

कंपाउंडरकाकांच्या चष्म्याची डावी काच इतकी ओरखडलेली होती, की त्या डोळ्याने त्यांना काही दिसत असेल असं वाटत नसे. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरजवळच्या आमच्या सरकारी दवाखान्यात दंतमंजन तयार झालं, की चिमूटभर पूड त्या काचेवर टाकून ते अंगठ्याने खसाखसा घासत. नवा ओरखडा उठला, की सगळी पूड कचऱ्यात. "काच परत मिळते, दात मिळत नाही!" असं ओरडत. ओरडल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. उजवी काच मात्र लखलखीत. तराजूचा काटा तिच्यातून बघायचा असे.

फार्मसीची पदविका घेऊन मी त्यांच्या हाताखाली गेले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझं मलम फेकून दिलं. झिंक ऑक्साइड मी न चाळताच खललं होतं. "तान्ह्या पोराच्या ढुंगणाला रेती घासणार का, पोरी?" बाहेरची रांग हसली. मी रडले, मनात त्यांना शिव्या दिल्या. संध्याकाळी निघताना त्यांनी माझ्या हातावर नागपूरहून आलेलं संत्रं ठेवलं आणि "नीट जेवत जा," असंही ओरडूनच सांगितलं.

मग बाजार खुला झाला आणि नोएडात जिकडेतिकडे कारखाने उभे राहिले. त्यातल्याच एका मंजनाच्या कारखान्यात मी केमिस्ट झाले. चकचकीत डबी, तिच्यावर हसरी गोरी बाई, आणि आत औषधी खडूऐवजी दगडाची भुकटी! सेठ म्हणाला, "मॅडम, चॉक तो चॉक है. साइन कर दीजिए." वडील निवृत्त होणार होते, सरकारी क्वार्टर सुटणार होतं, मला नोकरी हवी होती. पूड काचेवर घासून बघायची मला हिंमत झाली नाही. मी सही केली. त्या सहीची आजही चीड येते.

महिन्याभराने एका दुपारी काकाच कारखान्यात आले. आपल्या पोरीने केलेलं मंजन म्हणून कौतुकाने दुकानातून घेतलेली डबी त्यांच्या हातात होती.

"पास कुणी केलं?"

"मी."

त्यांनी चष्मा काढला, पूड काचेवर टाकली.

"काका, ती उजवी आहे!" मी किंचाळले.

ते घासत राहिले. करकर आवाज येत होता. मग चष्मा डोळ्यांवर चढवून, मी कधीच न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाले, "बरं झालं. आता तुझी सही दिसायची नाही."

दुसऱ्या दिवशी मी सगळा माल अडवला. सेठने मला तिथल्या तिथे काढून टाकलं. आठवडाभर काकांना तोंड दाखवायची लाज वाटली. मग सांगायला त्यांच्या क्वार्टरवर गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "रिटायर हो गए. नागपुर चले गए." पत्ता कुणाकडेच नव्हता.

मी माल अडवला, हे त्यांना कधीच कळलं नाही. सेठवरचा राग केव्हाच निवला. काकांवरचा नाही. जन्मभर सगळ्यांवर ओरडलेल्या माणसाला त्याच दिवशी माझ्यावर ओरडायला काय झालं होतं?