मालकांची फरशी

आईच्या बोटांवर ब्लेडचे काप दिसले तेव्हा मला शंका आली. तीन दिवस ती दुपारी भजनाला जाते म्हणून सांगत होती. भजनात बोटं कापत नाहीत.

खोदून विचारलं तेव्हा बोलली. तिच्या माहेरच्या गावातल्या मालकांच्या मुलाने इथेच, बिबवेवाडीत, मोठा फ्लॅट घेतला होता. वास्तुशांतीआधी फरशीवरचे सिमेंटचे डाग खरवडायला तिला बोलावलं होतं.

"पैसे किती देणार?"

"त्यायच्याकडून कोणी पैसे घेते का?"

विदर्भातल्या त्या गावात आजीने मालकांचं अंगण सारवलं, आजोबांनी लाकडं फोडली, आईने लग्न होईपर्यंत त्यांचं धान्य निवडलं. सगळं फुकट. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण आमचं घर मालकांच्या जागेत आहे असं ते पिढ्यानपिढ्या बजावत आले. आता त्या घरात मामा राहतो. आई साठीची झाली, पुण्यात येऊन वीस वर्षं झाली, तरी एका फोनवर गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सोडून मी त्या फ्लॅटवर पोहोचले. आई बाल्कनीत उकिडवी बसून घासत होती. शेजारी तिची स्वतःची पाण्याची बाटली. मालकांची सून, माझ्याच वयाची, सोफ्यावर बसून पडद्यांचे रंग पाहत होती.

"मजुरी ठरली नाही म्हणे," मी म्हणाले.

"अहो, ती आमच्या घरचीच आहे. मजुरी देऊन परकं करायचं का?"

"घरच्या आहेत ना? मग सोफ्यावर बसवा त्यांना. फरशी आपण दोघी पुसू."

ती नुसती हसली. मी आईचा हात धरून तिला उठवलं. रिक्षात आई माझ्यावरच ओरडली, "तुया मामाले घराभाईर काढतीन ते! तुले काय, तू इथं बसली!"

ते मला लागलं. दोन दिवसांची रजा टाकून मी गावी गेले आणि ग्रामपंचायतीतून घराचा उतारा काढला. घर आजोबांच्या नावावर होतं. जागासुद्धा. त्यांच्या तरुणपणापासून. कोणी कधी विचारलंच नव्हतं, आणि मालकांनी सांगायचं कारणच काय!

पुण्यात परतल्यावर आईने आजोबांचं नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे माय उगाच..." एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मला भांडी फोडावीशी वाटत होती.

संध्याकाळी मालकांच्या सुनेचा फोन आला. हॉलची फरशी राहिली होती. आई स्वयंपाकघरातूनच बोलली, पण मला स्पष्ट ऐकू आलं. "घर माया बापाचं हाये. कागद हाये आमच्यापाशी. फरशी तुमची तुम्ही पुसा."

मी मामाला उताऱ्याची प्रत दिली होती. त्याने ती घडी घालून पेटीत ठेवली. महिन्याभराने फोन केला तर मामी घरी नव्हती. मालकांकडे पापड लाटायला गेली होती.

"का पाठवलंस?" मी किंचाळले.

"शेतात जायचा रस्ता त्यायच्या धुऱ्यावरून हाये, बाई," मामा म्हणाला.

मी फोन आपटला. आता त्या बांधावरच्या रस्त्याचा सरकारी नकाशा मागवला आहे.